बंद पडलेल्या गाड्यांचा सत्संग

आमच्या विस्कॉन्सिनमध्ये थंडीचे चार-पाच महिने बाइक गॅरेजमध्ये चार्जरला लावून झोपलेली असते आणि मालक मोकळे. मोकळ्या माणसांनी करायचं काय, तर दर शनिवारी सकाळी आठला हायवेलगतच्या एका डायनरमध्ये जमायचं आणि ज्या गाड्या शोरूममध्ये मिळत नाहीत त्यांच्याबद्दल दोन तास बोलायचं. मिळतात त्यांच्याबद्दल बोलायचं नाही, ते हलकं काम.

मी यात अडकलो २०१९ च्या डिसेंबरात. कुठली गाडी घेऊ एवढंच विचारायला गेलो होतो, अजून विचारतोय.

इथे माणसाला गाडीच्या नावाने ओळखतात. मुख्य खुर्चीवर व्ही-रॉडकाका. हार्ले-डेव्हिडसनची व्ही-रॉड आली २००१ मध्ये, पोर्शसोबत बनवलेलं इंजिन, वर पाण्याने थंड होणारं, तेव्हा याच टेबलावरचे लोक म्हणाले ही हार्ले आहे का वॉशिंग मशीन. काकांनी एकट्याने घेतली. २०१७ ला ती बंद झाली आणि रातोरात सगळ्यांना कळलं की अशी गाडी परत होणे नाही, तेव्हापासून काका स्वातंत्र्यसैनिकासारखे बसतात आणि त्यांच्या कॉफीचे पैसे कुणीतरी दुसरा देतो.

हार्लेच्याच स्पोर्टस्टरचं तेच. १९५७ पासून चालू होती तोवर ती शिकाऊ गाडी, पोरं हात साफ करायला घेतात ती. २०२२ ला जुनं हवेवर थंड होणारं इंजिन संपलं आणि जो माणूस तिला सगळ्यात जास्त नावं ठेवायचा तो आता रात्री बायको झोपल्यावर तिच्याच आयर्न ८८३ मॉडेलच्या जाहिराती बघतो. (हे त्याच्या बायकोनेच सांगितलं, तिला आधी वेगळाच संशय होता.)

मग डायना. २०१८ च्या मॉडेलपासून हार्लेने डायना बंद करून तिच्यातल्या काही गाड्या सॉफ्टेल या आपल्याच दुसऱ्या मालिकेच्या फ्रेमवर घेतल्या, आणि मागचे दोन शॉक दिसायला हवेत की सीटखाली एक लपलेला चालेल यावर आमच्याकडे जे भांडण होतं तसं मी फक्त आमच्या वाड्याच्या वाटणीत बघितलंय. त्यात हे लोक इंजिन घनइंचात मोजतात. एकशे सात म्हणजे किती हे मी मनात सोळा पूर्णांक चारने गुणून काढतो, सतराशे पन्नासच्या आसपास सीसी येतात, तोवर विषय टायरवर गेलेला असतो आणि मी उगाच मान हलवतो.

व्हिक्टरीवाला मात्र बोलत नाही. पोलारिस कंपनीने तो बाइकचा ब्रँड जानेवारी २०१७ मध्ये सरळ बंदच केला. त्याच्याशी सगळे हळू आवाजात बोलतात, सुतक असल्यासारखं.

इंडियन चीफवाला मला पहिल्या दिवशी म्हणाला, तुमच्या देशाची गाडी चालवतो मी. त्याला सांगितलं, बाबा रे ही इंडियन कंपनी १९०१ मधली मॅसॅच्युसेट्सची, आमचा संबंध नाही. तुमच्या गाडीशी आमचा संबंध आंब्यापुरता, २००७ मध्ये आमच्या हापूसला अमेरिकेचं दार उघडलं आणि त्याच सौद्यात हार्लेला आमचं. टेबल गंभीर झालं. व्ही-रॉडकाकांनी विचारलं, आंबा अजून प्रॉडक्शनमध्ये आहे का? म्हटलं आहे, आणि दरवर्षी वेळेवर येतो, तर त्यांचा इंटरेस्टच गेला.

आता माझं दुखणं. मी गेलो त्याच्या महिनाभर आधी मिलानच्या शोमध्ये हार्लेने ब्रॉन्क्स मांडली होती, ९७५ सीसी, उघडीनागडी, चपळ, पुढच्या वर्षाच्या शेवटी येणार होती. फोटो बघितला आणि मी ठरवून टाकलं. २०२० मध्ये ती साइटवरून गुपचूप गेली. तिच्याबरोबरची पॅन अमेरिका २०२१ ला आली, ९७५ चं इंजिनसुद्धा २०२२ ला नाइटस्टरमध्ये आलं, म्हणजे सगळं वऱ्हाड आलं, नवरी तेवढी नाही. एका डीलरकडे विचारलं तर त्या पोराने कॉम्प्युटरवर शोधून मला ब्रॉन्क्सला जायचा रस्ता दाखवला, न्यूयॉर्कचा.

बायकोचं मत, तुझं स्थळ बघणं चाललंय. जी लग्नाची आहे ती पसंत नाही, जिचं झालं तिच्यासाठी झुरतोयस, आणि जिच्यासाठी थांबलायस ती जन्मालाच आलेली नाही.

खरं सांगायचं तर हा रोग मी अमेरिकेत धरलेला नाही, घरून आणलाय. सांगलीला आमच्या काकांकडे आरएक्स १०० आहे. ती १९९६ ला बंद झाली तेव्हा काका भंगारवाल्याला बोलावणार होते. आता तिच्यावर चादर असते, दसऱ्याला हार असतो, आणि गल्लीत कुणी पोरगं विचारायला आलं की काका आतूनच ओरडतात, "विकायची नाही! पण तू किती देशील ते सांग."

तर या सगळ्यात मी स्वतः काय चालवतो, तर एक जुनी जपानी क्रूझर, ब्रॉन्क्स येईपर्यंत म्हणून घेतलेली. दर वसंतात पहिल्या बटनाला सुरू होते, तेल गळत नाही, काही तुटत नाही, त्यामुळे तिच्याबद्दल सत्संगात बोलण्यासारखं काही नसतं. पार्किंगमध्ये मी ती टोकाला, कचराकुंडीजवळ लावतो.

गेल्या शनिवारी ऊन होतं, गाड्या बाहेर निघाल्या होत्या. डायनावाला कुंडीत कप टाकायला आला आणि माझ्या गाडीपाशी थांबला. वाकून टाकी बघितली, सीटवर हात फिरवला.

"हे मॉडेल बंद झालं ना रे?"

"झालं असेल," मी म्हटलं. खरंच माहीत नव्हतं.

"झालंय झालंय. आता अशा नाही बनवत." मग जरा इकडेतिकडे बघून हळूच, "विकणार का?"

मी तोवर रुमाल काढून आरसा पुसायला लागलो होतो.

"विकायची नाही," मी म्हटलं. "पण तू किती देशील ते सांग."