नुसत्या किलोमीटरवर जाऊ नका

सिंगापूर-न्यूयॉर्क विमानप्रवासाला किती वेळ लागतो यावरच्या तुमच्या लेखात दोन शहरांमधलं अंतर साधारण १५,३०० किमी दिलंय ते बरोबरच आहे, पण त्याला विमानाच्या ताशी ९०० किमी स्पीडने भागून प्रवासाचे १७ तास काढलेत ते काही पटलं नाही. अंतराचा तो आकडा ग्लोबवरच्या सगळ्यात जवळच्या रेषेचा असतो आणि ती रेषा जाते पार उत्तर ध्रुवाजवळून, विमान मात्र बरेचदा पॅसिफिकवरून लांबचा रस्ता घेतं कारण तिथे जेट स्ट्रीमचा, म्हणजे खूप उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा जोरदार वारा पाठीमागून ढकलतो, शिवाय टॅक्सी (विमान धावपट्टीपर्यंत जमिनीवर चालतं ते), टेकऑफ, लँडिंग धरून टाइमटेबलमध्ये १८ तासांच्या वरच वेळ असतो. आणि घड्याळाचं पण लिहा ना, उन्हाळ्यात न्यूयॉर्क सिंगापूरच्या १२ तास मागे, थंडीत १३. घरच्या म्हाताऱ्या माणसांचं तिकीट काढताना हे खरंच लागतं हो, औषधांच्या वेळा त्यावरच ठरवाव्या लागतात!