मुकादमाच्या वहीतले मजूर

पुण्यातील नातेवाइकांशी आणि मित्रांशी फोनवर बोलताना अलीकडे एक विषय हटकून निघतो. पाणी पुरत नाही, रस्ते तुंबतात, मराठी ऐकू येत नाही, आणि या सगळ्याचे खापर परप्रांतीयांच्या माथी फुटते. मी जर्मनीत परका म्हणून राहतो, त्यामुळे हा वाद मला दोन्ही बाजूंनी ऐकू येतो. शहरावर ताण आहे हे मी नाकारत नाही. मात्र मजूर कुठून आला यावर आपण जितके बोलतो, त्याच्या दशांशानेही तो येथे कोणाच्या जबाबदारीवर राबतो यावर बोलत नाही, ही माझी तक्रार आहे.

२९ जून २०१९ च्या पहाटे कोंढव्यात एका सोसायटीची संरक्षक भिंत शेजारच्या बांधकामावरील मजुरांच्या पत्र्याच्या खोल्यांवर कोसळली आणि पंधरा जण मेले. त्यांत लहान मुले होती आणि बहुतेक कुटुंबे बिहारची होती. बिल्डर, ठेकेदार, उपठेकेदार आणि मुकादम अशी उतरंड असली, की त्या खोल्या तेथे कोणी बांधू दिल्या याचे उत्तर प्रत्येक जण वरच्याकडे किंवा खालच्याकडे ढकलू शकतो.

जर्मनीत ही उतरंड एका धंद्यात तरी कायद्याने मोडली गेली. २०२० च्या जूनमध्ये वेस्टफालियातील एका मोठ्या कत्तलखान्यात हजाराहून अधिक कामगारांना कोरोनाची लागण झाली. त्यांतले बरेचसे रुमानिया, बल्गेरिया, पोलंडहून आलेले होते आणि दाटीवाटीच्या खोल्यांत राहत होते. कारखाना एकाचा, पण माणसे अनेक उपकंत्राटदारांची, हे वर्षानुवर्षे सर्वांना ठाऊक होते. त्यानंतर झालेल्या कायद्याने १ जानेवारी २०२१ पासून मोठ्या मांस उद्योगांना कत्तल आणि मांस कापण्याच्या कामावर उपकंत्राटाने माणसे लावण्यास मनाई केली. कामगार थेट कंपनीच्या नोकरीत घ्यावे लागले आणि कामाच्या तासांची नोंद यंत्रावर होऊ लागली. बांधकामात उपकंत्राटे चालू आहेत, पण उपकंत्राटदाराने किमान वेतन बुडवले तर मुख्य कंत्राटदार जामीनदारासारखा भरून देतो. कामगार संघटनेशी जोडलेल्या सल्ला केंद्रांतले लोक मजुराला त्याच्या मातृभाषेत वेतनपत्रक वाचून दाखवतात आणि कोणती कपात बेकायदा आहे ते सांगतात. हक्क कागदावर असणे आणि तो मजुराला कळणे यांतले अंतर त्यामुळे कमी होते, आणि मला ही व्यवस्था कायद्याइतकीच महत्त्वाची वाटते.

आपल्याकडे कायदा नव्हता असे नाही. १९७९ च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्यात मजुराचे छायाचित्र लावलेले पासबुक, त्याला समजेल अशा भाषेतील नोंदी, आणि ठेकेदाराने पैसे बुडवल्यास मूळ मालकाची जबाबदारी, हे सर्व होते. त्यात दोन उणिवा होत्या. पहिली अंमलबजावणीची. दुसऱ्या उणिवेकडे फारसे लक्ष जात नाही: बिहारमधील कटिहारहून आलेला मजूर त्या कायद्यात बसत असे, पण त्याच परांचीवर नांदेडहून आलेला बसत नसे, कारण त्याने राज्याची सीमा ओलांडलेली नव्हती. म्हणजे परप्रांतीय आणि आपला हा भेद तेथे आपल्याच मराठवाड्यातील माणसाच्या विरोधात गेला.

जर्मनीचे सगळेच अनुकरणीय आहे असे मी म्हणणार नाही. २०२२ मध्ये युक्रेनच्या निर्वासितांना तात्पुरते संरक्षण देऊन लगेच कामाची मुभा मिळाली, तर इतर देशांतून आश्रय मागणाऱ्यांना त्यासाठी काही महिने थांबावे लागते. माझ्या मते कामाची मुभा लवकर देणे हाच योग्य मार्ग होता आणि तो सर्वांना खुला व्हायला हवा. भारताने तर १९५१ चा निर्वासित करारच स्वीकारलेला नाही, त्यामुळे येथे आश्रय घेणाऱ्याचे भवितव्य सरकारी धोरणावर अवलंबून राहते.

पुण्यापुरते बोलायचे तर सुरुवात नव्वद दिवसांच्या दाखल्यापासून करता येईल. बांधकाम कामगार कल्याण मंडळात नोंदणीसाठी मागील बारा महिन्यांत नव्वद दिवस काम केल्याचा दाखला लागतो. या मंडळासाठी बांधकामावर लावलेला उपकर इमारतीच्या परवानगीच्या वेळीच जमा होतो, म्हणजे मजुराच्या नावाने गोळा झालेला पैसा मंडळाकडे असतो. पण मुकादमाने दर दोन महिन्यांनी साइट बदलायला लावलेल्या मजुराला दाखल्यावर सही देणारा कोणी सापडत नाही. महापालिकेने भोगवटापत्र, म्हणजे इमारत वापरण्याची परवानगी, देण्यापूर्वी बिल्डरकडून साइटवर राबलेल्या प्रत्येक मजुराच्या कामाच्या दिवसांची यादी आणि दाखले दिल्याचा पुरावा मागावा, आणि ही यादी मुकादमाच्या वहीवरून उतरवलेली नसून कामगार विभागाच्या माणसाने लेबर कॅम्पवर जाऊन मजुरांशी हिंदीत, मराठीत किंवा लागेल त्या भाषेत बोलून तपासलेली असावी.