'पातळी 1' म्हणजे बिनधोक नव्हे

बेळगाव-खानापूरच्या ट्रेकिंग ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: 'जिवंत ज्वालामुखी आदल्या दिवशी इशारा देतोच. पातळी 1 असेल तर बिनधास्त चढा, राजहंसगड चढणाऱ्यांना काय अवघड!' हे खरं नाही, आणि जिवावर बेतणारं आहे.

जपानचा ओंताके ज्वालामुखी 27 सप्टेंबर 2014 ला फुटला तेव्हा इशारा पातळी 1, म्हणजे सगळ्यात खालची, 'सामान्य' होती. शनिवारची दुपार, माथ्याजवळ गर्दी. 58 जण गेले, 5 सापडलेच नाहीत. लाव्हा आलाच नव्हता. आतल्या उष्णतेनं भूजलाची एकदम वाफ झाली आणि दगड उडाले. बरेच जण त्या दगडांच्या मारानं गेले. अशा वाफेच्या स्फोटाआधी मिळणारी सूचना फार तोकडी असते. पुढं 2015 मध्ये जपाननं 'सामान्य' हा शब्दच काढून 'हा जिवंत ज्वालामुखी आहे, हे ध्यानात ठेवा' असा केला.

आपल्याकडचा काळा दगडही लाव्हाचाच, पण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी निवालेला. त्यावरचा सराव दमासाठी चांगला, स्फोटापासून तो वाचवत नाही. जाणारच असाल तर विवरापासून किती अंतर राखायला सांगितलंय ते त्याच दिवशी बघा, हेल्मेट घाला, माथ्यावर रेंगाळू नका. मेसेज पुढं पाठवला असेल तर हा खुलासाही त्याच ग्रुपवर टाका.