‘जुन्या पिकअपला जाड ऑइल टाका’ हा मेसेज फिरतोय, तसं करायच्या आधी हे वाचा

गाडीवाल्यांच्या ग्रुपवर एक मेसेज सारखा येतोय. पिकअप दोन लाख किलोमीटरच्या वर गेली की १५डब्ल्यू-४० ग्रेडचं इंजिन ऑइल बंद करा आणि त्याहून जाड २०डब्ल्यू-५० टाका, धूर थांबतो, प्रेशर वाढतं, इंजिन खोलावं लागत नाही. सिंथेटिकला हात लावू नका, सील फाटतात. ग्रेड जुळली की पेट्रोलचं ऑइल पण चालतं. बीएस-सिक्सवालं (प्रदूषणाच्या नव्या नियमातल्या गाड्यांचं) ऑइल जुन्या गाडीला चालत नाही. आणि ऑइल काळं दिसलं की लगेच काढा. आता जुनी बोलेरो पिकअप, टाटा २०७ असल्या डिझेल गाड्यांवर कितीतरी घरं चालतात, ऐन कांद्याच्या सीझनला इंजिन बसलं तर तो सीझनच हातचा जातो, म्हणून एकेक मुद्दा घेऊन लिहितोय.

जाड ऑइलने धूर थांबतो हा पहिला मुद्दा, आणि सगळ्यात जास्त नुकसान यानेच होतं. धूर कमी होतो, हे खरंय, काही दिवस होतो. म्हणून तर जुनी गाडी विकताना लोक जाड ऑइल टाकून दाखवतात. पण पिस्टनच्या रिंगा झिजलेल्या असतील, लायनर (पिस्टन ज्यात वरखाली होतो ती नळी) ओव्हल झालं असेल तर ते ऑइलने भरून येत नाही, झीज आत चालूच राहते, फक्त तुम्हाला दिसायची बंद होते. आधी धूर कसला आहे ते बघा ना. सकाळी सेल्फ मारल्यावर थोडा निळा येऊन बंद होत असेल तर व्हॉल्व्ह सील किंवा गाइडवर संशय घ्या, ते काम पूर्ण इंजिनच्या मानाने बरंच स्वस्त पडतं. लोडवर सतत निळा आणि ब्रीदरमधून (इंजिनच्या आतली हवा बाहेर सोडणारी नळी) पण जोरात वाफ मारतेय तर रिंगा, कॉम्प्रेशन चेक करून घ्या. टर्बोवाली गाडी असेल तर टर्बोनंतरचा हवेचा पाइप काढून बघा, आत ऑइल साचलं असेल तर टर्बोही तपासायला लागेल. काळा धूर असेल तर ऑइलचा विषयच नाही, एअर फिल्टर, नोझल, पंप बघा. एवढ्या वेगवेगळ्या आजारांना एकच औषध कसं लागू पडेल?

प्रेशर वाढतं, तेही खरंय, पण प्रेशर म्हणजे पुरवठा नव्हे. १०० अंश तापमानाला ४० ग्रेडचं ऑइल १२.५ ते १६.३ सेंटीस्टोक (जाडी मोजायचं माप) या पट्ट्यात असतं आणि ५० चं १६.३ ते २१.९ मध्ये. इंजिन डिझाइन करताना बेअरिंगची फट, पंप, ऑइलच्या गल्ल्या हे सगळं ठरलेल्या जाडीला धरून असतं. जाड ऑइल ढकलायला ताकद जास्त लागते ती डिझेलमधूनच येते, म्हणजे ॲव्हरेज वाढायचं सोडा, थोडं घटतंच. सकाळी गार इंजिनला जाड ऑइल फिल्टरमधून पटकन जात नाही, मग फिल्टरचा बायपास व्हॉल्व्ह उघडतो आणि न गाळलेलं ऑइल थेट पुढे जातं, आणि वर रॉकरला, टर्बोच्या बेअरिंगला ते उशिरा पोचतं ते वेगळंच. पहिला आकडा, तो डब्ल्यूवाला, आपल्याकडे फार मनावर घेऊ नका, १५डब्ल्यूची क्रँकिंग चाचणी (थंडीत इंजिन फिरवून बघायची) उणे २० अंशाला होते आणि २०डब्ल्यूची उणे १५ ला, निफाडच्या गारठ्यात पण आपण तिथवर जात नाही. दुसरा आकडा महत्त्वाचा.

प्रेशरची लाइट लागत असेल तर आधी मेकॅनिकल गेज लावून खरं प्रेशर मोजा, सेन्सर पण खराब असू शकतो. आणि डिपस्टिक (ऑइलची लेव्हल बघायची पट्टी) काढून वास घ्या. लेव्हल आपोआप वाढलीय आणि डिझेलचा वास येतोय तर इंजेक्टर किंवा पंपातून डिझेल ऑइलच्या चेंबरमध्ये उतरतंय, त्याने ऑइल पातळ झालंय, तिथे जाड ऑइल टाकणं म्हणजे बेअरिंगची वाट लावणं. हां, गाडीच्या पुस्तकात उन्हाळी तापमानासाठी २०डब्ल्यू-५० दिलेलं असेल तर खुशाल टाका, माझी तक्रार पुस्तक सोडून टाकण्याबद्दल आहे.

पेट्रोलचं ऑइल चालतं हे तर साफ चूक. डब्यावर ग्रेडइतकंच एपीआयचं (ऑइलचा दर्जा ठरवणारी अमेरिकन संस्था) अक्षर बघायचं, पेट्रोलला एस आणि डिझेलला सी. डिझेल इंजिनात काजळी खूप होते, ती धरून ठेवायची ताकद डिझेलच्या ऑइलमध्ये मुद्दाम दिलेली असते. सीएफ-४ आलं १९९० मध्ये, सीएच-४ १९९८, सीआय-४ २००२, सीके-४ २०१६ ला. जुन्या पुस्तकात सीएफ-४ किंवा सीएच-४ लिहिलंय म्हणून तेच शोधत बसू नका, सीआय-४ त्याच्या वरचं आहे आणि बिनधास्त चालतं. सीके-४, म्हणजे मेसेजमधलं बीएस-सिक्सवालं ऑइल, ते पण जुन्या गाडीला चालतं, आता पंपावर मिळणारं डिझेल एप्रिल २०२० पासून १० पीपीएम सल्फरचं आहे, पूर्वी बीएस-थ्रीला ३५० होतं, त्यामुळे सल्फरने होणारं ॲसिड मारायचं कामही ऑइलला कमी करावं लागतं. उलटं मात्र करू नका, डीपीएफ (धुरातली काजळी गाळणारा फिल्टर) असलेल्या नव्या गाडीत जुनं सीआय-४ टाकलं तर त्याच्या राखेने तो फिल्टर भरतो.

सिंथेटिकने सील फाटतात ही १९७० च्या दशकातली गोष्ट आहे, तेव्हाच्या काही ऑइलनी रबर आक्रसायचं, आता त्यावर इलाज करूनच ऑइल बनतं. जुन्या गाडीत सिंथेटिक टाकल्यावर गळती दिसली तर बहुतेक वेळा सील आधीच कडक झालेलं असतं आणि साचलेल्या गाळाने भोक बुजलेलं असतं, तो गाळ धुतला गेला एवढंच. तरी माझं स्पष्ट मत, जुन्या पिकअपला सिंथेटिकवर पैसे घालायची गरज नाही. चांगलं मिनरल १५डब्ल्यू-४० सीआय-४ वेळेवर बदला आणि उरलेल्या पैशात दरवेळी चांगला फिल्टर घ्या.

काळं ऑइल? डिझेलमध्ये ते थोड्याच दिवसांत काळं होणारच, काजळी पकडतंय म्हणजे काम करतंय. किलोमीटर बघून बदला, आणि सतत ओव्हरलोड, धूळ, घाट असेल तर पुस्तकातल्या आकड्याच्या थोडं आधी. घाबरायचं ते चहासारखा रंग आला तर, कूलंट ऑइलमध्ये आलंय, गाडी तिथेच बंद करा आणि टोचन करून आणा.

आणि मेसेजमध्ये जे नाहीच ते सगळ्यात कामाचं. ऑइल बदलताना रिकामा डबा गॅरेजमध्ये तसाच सोडू नका, भोक पाडा किंवा लेबल फाडा, कारण त्याच ओरिजिनल डब्यात डुप्लिकेट ऑइल भरून परत बाजारात येतं, आणि मग ग्रेड कितीही बरोबर निवडली तरी काही उपयोग नाही.