मॅग व्हीलवर ॲसिड? आधी फडकं फिरवून बघा

महिन्याभरात तोच फॉरवर्ड मला चार जणांनी पाठवला. मजकूर थोडक्यात असा: ‘काळवंडलेली मॅग व्हील घरच्या घरी शोरूमसारखी करा. अलॉय म्हणजे ॲल्युमिनियम, त्याला गंज चढत नाही. बाथरूमचं ॲसिड अर्धं पाणी घालून मारा, लोखंडी काथ्याने घासा, वर मेटल पॉलिश. मशीन-कट असेल तर ग्राइंडरला बफ (पॉलिश करायची कापडी चकती) लावा, कट परत येतो. नाहीच जमलं तर पावडर कोटिंग करा, जितकं तापवाल तितकं पक्कं.’ रबाळे एमआयडीसीतल्या माझ्या शेडमध्ये दिवसभर व्हीलच येतात. तेव्हा एकेक मुद्दा घेऊ.

‘मॅग’ हे नाव मॅग्नेशियमवरून आलं. रेसच्या गाड्यांना तशी व्हील असत, नाव मागे राहिलं. आपल्या रस्त्यावरची जवळजवळ सगळी ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची आहेत. चुकून कोणाकडे खरं मॅग्नेशियम असलंच तर ॲसिडची बाटली त्या खोलीतही नेऊ नका.

गंज चढत नाही? तांबडा चढत नाही, एवढंच खरं. पांढरा चढतो, आणि ठाणे खाडीच्या दोन्ही काठांवर राहणाऱ्यांना तो पाहायला लांब जावं लागत नाही. खारी हवा, जून ते सप्टेंबर दमटपणा, त्यात खडी उडून लॅकरला, म्हणजे वरच्या पारदर्शक थराला, टवका गेला की ओल आत शिरते आणि लॅकरच्या खालून सरकत राहते. टोमॅटोच्या पानावर नागअळी वेड्यावाकड्या पांढऱ्या रेषा काढते ना, हुबेहूब तशी नक्षी. वरून पॉलिश मारून ती जात नाही, कारण ती वर नाहीच.

आता ॲसिड. घोडबंदर रोडचे एक काका दोन सीटची सेकंडहँड स्पोर्ट्स कार घेऊन आले. चारही व्हील दुधाळ, कडेला लॅकरचे पापुद्रे, आणि आतली ब्रेक डिस्क तांबडीलाल. “फेस आला हो, मला वाटलं मळ निघतोय,” म्हणाले. काका, तो फेस हायड्रोजनचा होता, धातू विरघळत होता. ॲल्युमिनियमवर आपोआप ऑक्साइडचा थर बसतो, जाडी काही नॅनोमीटर. तोच त्याला सांभाळतो. तीव्र ॲसिड तो खातं आणि तीव्र अल्कलीही खाते. म्हणून ‘ॲसिड नको तर कॉस्टिक सोडा’ ही पळवाटही नाही. सोडा टाकून ॲल्युमिनियमचं पातेलं काळं केलेलं प्रत्येक घर हे जाणतं.

शिवाय काकांना काढायचा होता तो काळेपणा बहुतेक ब्रेकची धूळ होती. तिच्यात लोखंडाचे कण असतात, गरम असतानाच ते लॅकरवर रुततात. त्यासाठी आयर्न रिमूव्हर मिळतं, लोखंडाला लागलं की जांभळं होऊन ओघळतं. व्हील थंड असताना मारायचं, सुकू द्यायचं नाही, भरपूर पाण्याने धुवायचं. लोखंडी काथ्या तर नकोच: ओरखडे पडतात आणि त्याचे तुटके तंतू अडकून राहिले तर तेच गंजतात.

पण सगळ्या फॉरवर्डचं मूळ दुखणं ‘अलॉय म्हणजे ॲल्युमिनियम’ या वाक्यात आहे. बहुतेक व्हीलवर तुमचं बोट ॲल्युमिनियमला लागतच नाही. लागतं ते लॅकरला. चंदेरी दिसतो तो रंग असतो: खाली प्रायमर, वर पारदर्शक लॅकर. कुठे पॉलिश केलेला उघडा धातू असतो, कुठे क्रोम, कुठे ॲनोडाइज. प्रत्येकाचा इलाज निराळा, म्हणून मी हत्याराआधी पांढरं फडकं घेतो. स्पोकच्या मागच्या बाजूला, कोणाला दिसणार नाही तिथे, चिमूटभर मेटल पॉलिश लावून चोळायचं. फडकं काळं झालं तर धातू उघडा आहे. स्वच्छ राहिलं तर वर काहीतरी आहे. मग मल्टीमीटरची (वीज वाहते का ते वाजून सांगणाऱ्या यंत्राची) दोन टोकं हलक्या हाताने टेकवायची. उघड्या धातूवर आणि क्रोमवर ‘पीं’ वाजतं, लॅकर आणि ॲनोडाइजवर वाजत नाही. या दोघांतला फरक डोळ्यांनी: लॅकरचा पापुद्रा सुटतो, ॲनोडाइजचा सुटत नाही. तो झिजतो किंवा पांढुरका पडतो.

ॲनोडाइज हा रंग नव्हेच. ॲसिडच्या टाकीत वीज सोडून धातूवरच वाढवलेला ऑक्साइड आहे तो, घरातल्या हार्ड ॲनोडाइज्ड कढईसारखा. त्याला ठिगळ लागत नाही, पूर्ण उतरवून पुन्हा चढवावा लागतो. १९६६ मध्ये पोर्शे ९११ एसवर आलेलं फुक्स व्हील याचं प्रसिद्ध उदाहरण. ते ओतीव नाही, घडीव आहे आणि मूळ चमक मंद ॲनोडाइजची. हौशी मंडळींनी बफ मारमारून त्याचा आरसा केला आणि मूळ फिनिश घालवलं. उलट तुमच्या-आमच्या ओतीव व्हीलमध्ये सिलिकॉन बरंच, साधारण सात टक्के. त्यावर ॲनोडाइज राखाडी, डागाळ येतं. ‘फुक्ससारखं करून द्या’ म्हणणाऱ्यांना मी सरळ नाही म्हणतो.

मशीन-कटचं उत्तर छोटं आहे. ग्रामोफोनच्या तबकडीसारख्या त्या बारीक गोल रेषा लेथवरच येतात. बफ त्या पुसतो, परत आणत नाही. प्रत्येक कटला धातू जातो, त्यामुळे हे एखाद-दुसऱ्या वेळेपुरतंच. अन् कटच्या धारदार कडेवर लॅकर पातळ बसतं, म्हणून सर्वांत आधी फुगतात तीही हीच व्हील.

राहिलं पावडर कोटिंग, म्हणजे पावडरचा रंग भट्टीत भाजून चढवणं. काम चांगलं आहे, ‘जितकं तापवाल’ हे चूक. ओतीव व्हीलला ताकद येते ती साधारण ५४० अंशांना तापवून, पाण्यात विझवून, मग १५०-१७० अंशांच्या आसपास काही तास ठेवल्याने. पावडर १८०-२०० अंशांना दहा-वीस मिनिटांत पिकते. तेवढं चालतं. भट्टी अडीचशेला चढवून तासभर विसरलात, किंवा जुना रंग ब्लो लॅम्पने जाळलात, तर ती ताकद उतरते, वरून काहीच दिसत नाही. भट्टीचं तापमान विचारल्यावर कारागीर “होतं बरोबर, साहेब” म्हणाला तर व्हील उचलून घरी न्या.

काकांची तीन व्हील रंगात वाचली, चौथ्याची कड इतकी खाल्ली होती की बदलायला सांगितलं. कोटिंग करून घेणाऱ्यांनी एवढं बघा: नट बसतो ती खोबण आणि हबला (चाक ज्यावर बसतं त्या भागाला) टेकणारी पाठ झाकून घेतली पाहिजे. तिथे पावडरचा थर राहिला तर तो दबतो आणि नट ढिले होतात. व्हील बसवल्यावर पन्नास-शंभर किलोमीटर झाले की टॉर्क रेंचने (ठरावीक जोराने नट आवळणाऱ्या पान्याने) पुन्हा एकदा तपासून घ्या.