एकदाच झाडलेल्या पुंगळ्या

मागच्या शनिवारी मी एका म्हाताऱ्याचं ऐकलं. टेक्सासात चौदा वर्षं काढल्यावर ही चूक व्हायला नको होती.

बंदुकांच्या दुकानात रायफलीच्या पुंगळ्या, म्हणजे काडतुसाची पितळी कवचं, घ्यायला गेलो होतो. रिकाम्या. प्रायमर (बुडातली ठिणगी पाडणारी टोपी), दारू आणि गोळी घरीच भरायची, नेम चांगला बसतो. (आईला एकदा फोनवर "गॅरेजमध्ये दारू भरत बसलोय" म्हणालो, तर पुढचा आठवडाभर ती माझ्याऐवजी हिलाच फोन करून हळू आवाजात बोलत होती.)

फळीवर .308 मापाच्या रायफलीसाठी लापुआ कंपनीचा एकच निळा डबा उरला होता. शंभर पुंगळ्या, फिनलंडच्या, एकेक डॉलरच्या वर. शेजारी प्लास्टिकची पिशवी: 'लेक सिटी, एकदाच झाडलेल्या', निम्म्याहून कमी किमतीत. शाळेत एनसीसीच्या कॅम्पात फायरिंग झालं की उस्ताद रिकामे खोके, म्हणजे या पुंगळ्याच, मोजून घ्यायचे. एक जरी कमी भरला तरी अख्खी पलटण गवतात गुडघ्यांवर. इथे तेच खोके झाडूनं गोळा करून विकायला ठेवतात. असो. मी निळा डबा उचलला.

"डॉक्टर, लॉटरी लागली का?" मागून आवाज आला.

मी डॉक्टर नाही, एका विमा कंपनीचे हिशेब तपासतो. पण आपल्यासारख्या माणसानं इथे चष्मा लावला की तो डॉक्टरच, आणि खरं सांगितलं तर त्यांनाच वाईट वाटतं. म्हातारा सत्तरी उलटलेला, गॅलिसवाली पँट, गळ्यात दोरीला सोनाराचं भिंग. त्यानं डबा माझ्या हातून काढून घेतला, उघडला आणि मान धरून उजेडात फिरवली. पुंगळीची. माझी वेळ अजून यायची होती.

"हा निळसर डाग दिसतो?"

दिसत होता. पाण्यावर तेलाचा तवंग येतो तसा.

"मान तापवून नरम केल्याची खूण. सत्तर टक्के तांबं, तीस टक्के जस्त. मान कडक राहिली की तडकते. तू कुठला?"

"पुणे."

"कर्की!" तो ओरडला. दोन गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. या गृहस्थाला पुणं माहीत होतं ते फक्त .303 काडतुसाच्या बुडावरच्या 'के एफ' या दोन अक्षरांवरून. खडकीचा दारूगोळा कारखाना, 1869 सालचा! कॉलेजची तीन वर्षं मी लोकलनं त्यावरून गेलो, पण माझ्या लेखी खडकी म्हणजे खिडकीतला माणूस उतरतो ते स्टेशन. मला जरा अभिमान वाटू लागला होता, तेवढ्यात तो म्हणाला, "साहेबाच्या राज्यात तुमच्याकडे पावसाळ्यात पुंगळ्या ठेवल्या जागी तडकायच्या. का? घोड्याचं मूत!"

भर दुकानात. मग सगळं सविस्तर: काडतुसं तबेल्यात साठवायचे, मुतातला अमोनिया, दमट हवा, कारखान्यातून ताण घेऊनच आलेलं पितळ. उलगडा 1921 मध्ये झाला. घोडे माझ्या आजोबांचे असावेत असा त्याचा सूर. (घरी येऊन पाहिलं, शब्दन् शब्द खरा निघाला. त्याचाच जास्त राग आहे.)

मग त्यानं पिशवी माझ्या हातात दिली. "आता हे बघ. तोच डाग. लेक सिटी म्हणजे मिझुरीतला कारखाना, 1941 पासून लष्कराला पुरवतो. लष्कर डाग पुसून चकाकी आणत बसत नाही. मग फिनलंडला पैसे कशाला?"

बिनतोड. मी डबा फळीवर ठेवला. त्यानं माझ्या पाठीवर थाप मारली.

काउंटरच्या रांगेत माझ्यापुढे तोच उभा. हातात निळा डबा.

"नातवासाठी," तो म्हणाला.

घरी येऊन पिशवी ओतली. एकदाच झाडलेल्या, पण कशातून, ते पिशवी सांगत नाही. मशीनगनमध्ये काडतूस बसतं ते घर सैल असतं, त्यात पुंगळी बुडापाशी ताणते. कागदाची क्लिप सरळ करायची, टोक वाकवायचं आणि आतल्या बाजूनं खालून वर ओढत आणायचं. टोक अडखळलं की आत खाच आहे. पुढच्या वेळी झाडली की बूड एकीकडे, धड एकीकडे. सतरा अडखळल्या. उरलेल्यांचे प्रायमर लष्करी पद्धतीनं कडेनं ठोकून बसवलेले, म्हणजे ते काढल्यावर एकेका खळग्याची कड तासायची. अंगठ्याला फोड आला. अकरा तर लेक सिटीच्या नव्हत्याच, भलत्याच शिक्क्याच्या. त्यातल्या एकीला मधोमध एका भोकाऐवजी दोन बारकी भोकं, बर्डन पद्धतीची, तिथे माझी प्रायमर काढायची पिन मोडली. बर्डन अमेरिकन, त्याची पद्धत युरोपात चालते. एका भोकाची पद्धत बॉक्सरची, तो इंग्रज, ती चालते अमेरिकेत. कोणाला काय बोलणार?

"किती वाचले?" हिनं विचारलं. नवी पिन, तासणी आणि माझा रविवार, एवढी बेरीज करून मी गप्प बसलो. तांबट आळीत गिऱ्हाईक निदान टिचकी मारून भांडं वाजवून बघतं. इथे पिशवीवर छापलेलं: फोडल्यास परत नाही. न फोडता आत काय आहे ते कळायला भविष्य यायला हवं, आणि तेवढं येत असतं तर मी पुंगळ्यांऐवजी खरंच लॉटरी घेतली नसती का?

काल रेंजवर तो शेजारच्या बाकावर. नातू कुठेच दिसला नाही.

"लेक सिटी कशी काय, डॉक्टर?"

"फर्स्ट क्लास."

त्यानं वीस गोळ्या झाडल्या. बोल्ट असा हिसडतो की पुंगळी उडते. त्यातली एक ठणठणत माझ्या बाकाखाली आली. फायरिंग थांबल्यावर तो पुंगळ्या मोजायला लागला. एकोणीस. पुन्हा मोजल्या. एकोणीसच. मग भिंग सावरत तो गुडघ्यांवर बसला. मीही उजवा बूट होता तिथेच ठेवून वाकलो आणि त्याला शोधायला मदत केली.