आठ महिन्यांपूर्वी "प्लग चालतायत अजून", आज "आठच्या आठ बदला"

डोकं फिरलंय आज. गाडी परत मिसिंग करतेय, उभी असली की स्टिअरिंगसकट थरथरते, चढावर अ‍ॅक्सिलरेटर दाबला की आचके देते आणि चेक इंजिनची लाईट लागलीये. स्कॅनरवर कोड पी०३०२, म्हणजे दोन नंबरच्या सिलेंडरमध्ये मिसफायर. तोच सिलेंडर ज्याची इग्निशन कॉइल, म्हणजे स्पार्क प्लगला ठिणगी उडवायला व्होल्टेज देणारी, आठ महिन्यांपूर्वी नवी बसवली होती! तेव्हा मी स्वतः विचारलं होतं की कॉइल काढलीच आहे तर प्लग पण बदलायचे का, तर मेकॅनिक म्हणाला प्लग चालतायत अजून, उगाच कशाला. आणि आज तोच माणूस बॉनेट न उघडता नुसता कोड बघून म्हणतो, चारी कॉइल आणि चारी प्लग बदलून टाका, एकदाच काय ते होऊन जाईल.

अरे पण कशावरून? कोड एवढंच सांगतो की दोन नंबरमध्ये नीट जळत नाहीये. कॉइल, प्लग, इंजेक्टर की कॉम्प्रेशन, ते कोडला नाही कळत, ते शोधायलाच तर आम्ही तुमच्याकडे येतो ना.

आणि शोधणं काय रॉकेट सायन्स नाहीये. दोनची कॉइल तीनवर लावायची, तीनची दोनवर, कोड क्लियर करून एक चक्कर मारून यायची. कोड पी०३०३ झाला तर दोष कॉइलसोबत सरकला, म्हणजे कॉइलच गेलीये. दोनवरच राहिला तर कॉइल चांगली आहे, मग प्लगची तशीच अदलाबदल करून बघायची. माझ्या इंजिनात कॉइल वरच दिसतात, एक कनेक्टर आणि एक बोल्ट, दहा मिनिटंसुद्धा लागत नाहीत. हे करा म्हटलं तर उत्तर काय, "एवढं कोण करत बसणार". मग मल्टिमीटर लावून म्हणे रेझिस्टन्स बरोबर दाखवतोय, अहो थंड कॉइल मीटरवर ठीकच दाखवते, बऱ्याच कॉइल गरम झाल्यावर दगा देतात!

शेवटी गाडी घरी आणून मीच अदलाबदल केली. पी०३०३. म्हणजे आठ महिन्यांची नवी कॉइल मेली. मग प्लग काढला आणि खरा राग तिथे आला. मधल्या इलेक्ट्रोडच्या कडा झिजून गोल झालेल्या, ठिणगी उडते तो गॅप हवा १.१ मिमी आणि फीलर गेजची (फट मोजायच्या पट्ट्या) १.४ ची पट्टी आरामात आत जातेय. पांढऱ्या पोर्सेलिनवर वरून खालपर्यंत पेन्सिलने ओढल्यासारखी काळी बारीक रेघ, आणि कॉइलच्या रबरी बूटच्या आत बरोब्बर तशीच रेघ. म्हणजे ठिणगी गॅपमधून उडायचं सोडून बाहेरून इंजिनच्या धातूकडे पळत होती. साधे निकेलचे प्लग, ६२ हजार किलोमीटर झालेले, आणि हे म्हणे चालतायत!

गॅप वाढला की ठिणगी उडवायला जास्त व्होल्टेज लागतं. कॉइल बिचारी १२ व्होल्टचे वीस-तीस हजार करते, तिला रोज त्याहून जास्त ताणलं तर आतलं इन्सुलेशन जाणारच. झिजलेल्या प्लगवर नवी कॉइल बसवणं म्हणजे तिला मारायलाच ठेवणं. प्लग झिजणारी वस्तू आहे, ते चारही एकदम बदलायचे, यात वादच नाही, इरिडियमचे असतील तर लाखभर किलोमीटर जातात ते सोडा. पण कॉइल काही ठरावीक किलोमीटरला बदलायची वस्तू नाही, दोष सिद्ध झाला तरच बदला. हां, व्ही-६ मध्ये (दोन रांगांत सहा सिलेंडर) मागच्या रांगेसाठी इनटेक मॅनिफोल्ड, म्हणजे हवा आत नेणारे पाइप, काढावं लागत असेल आणि कॉइल खूप चाललेल्या असतील, तर मजुरी वाचवायला एकदम बदलणं मला पटतं. माझ्या गाडीत ते कारणच नाही. आणि चांगल्या चालणाऱ्या तीन ओरिजनल कॉइल काढून त्या जागी कुठल्यातरी स्वस्त डुप्लिकेट लावायच्या, ही कुठली दुरुस्ती?

सगळ्यात संताप कशाचा आला तर जाताना म्हणाला, घाई नाही, लाईट ब्लिंक करत असली तरी चालवा आठवडाभर. चालवा?? ब्लिंक होतेय म्हणजे न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (इंजिनचा धूर साफ करणारा भाग) जातंय आणि तिथे जळून तो तापतोय, आतून वितळून बसला तर कॉइल-प्लगचा खर्च त्यापुढे काहीच नाही. हे ज्याला रोज गाड्या बघून माहीत असायला हवं तो मला असं सांगतो!

आणि चारही कॉइल नाही बदलल्या तर गॅरंटी देणार नाही म्हणे. आठ महिन्यांपूर्वी कोणती दिली होती?

चार प्लग आणि एक कॉइल, एवढंच आणलंय. उद्या सकाळी इंजिन पूर्ण थंड असताना मीच बसवणार. आधी प्लगच्या खड्ड्यांत टॉर्च मारून बघणार तेल उतरलंय का, कारण व्हॉल्व्ह कव्हरचं गॅस्केट गळत असेल तर त्या तेलात नव्या कॉइलचं रबर पण फुगून जाईल. मग प्लगचे आटे हाताने फिरवून बसवायचे, शेवटी ठरलेल्या जोराने आवळायला टॉर्क रेंच. आणि आत्ता काढलेला तो काळ्या रेघेचा प्लग मी जपून ठेवलाय, त्याच्या टेबलावर नेऊन ठेवणार आहे.